बोल्ट बसेना

पहिल्यांदा रायफलचा बोल्ट अडला तेव्हा मला वाटलं, माझाच हात कमी पडतोय. पन्नाशी उलटलेली, सकाळपासून उन्हात पालथी पडलेली बाई, हात दुखायचाच. काडतूस आत सरकवून बोल्टची मूठ खाली दाबली की ते चेंबरमध्ये बंद होतं. एरवी ही मूठ बोटाच्या जोरावर खाली जाते. त्या दिवशी ती अर्ध्यावर थांबली. मी तळहाताने जोर दिला. बसली, पण मग उघडेना. भरलेली रायफल, आत जिवंत काडतूस. नेमबाजीच्या रेंजवरच्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना मागे घेतलं. नळी टार्गेटकडेच ठेवून मी मुठीशी झटत राहिले. शेवटी ती खाडकन उघडली आणि काडतूस बाहेर पडलं. त्यानंतर मी त्या डब्यातलं एकही काडतूस लावलं नाही.

ती काडतुसं दादाने भरलेली होती. माझा थोरला भाऊ. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर बंदुका दुरुस्त करून तो सुप्याजवळच्या आमच्या रानात राहायला आला होता. कॉलेजात एनसीसीत असताना मला नेम धरायला शिकवला तो त्यानेच. पुढे मी नगरला कॉलेजात शिकवायला लागले, स्पर्धांना जायला लागले, तेव्हा त्याने रीतसर परवाना काढून माझ्यासाठी काडतुसं भरायला घेतली. दुकानातली काडतुसं मी क्वचितच वापरली.

रविवारी मी डबा आणि रायफल घेऊन सुप्याला गेले.

"चेंबर घाण झालं आसंल," दादा म्हणाला. "तू साफ करीत न्हाईस नीट."

त्याने चेंबर घासून लख्ख केलं. बोल्टमधला घोड्याचा खिळा काढून ठेवला, म्हणजे काही चुकलं तरी बार व्हायला नको. मग माझ्याकडची काडतुसाची जुनी पुंगळी आत घातली, रिकामी, ना दारू ना गोळी. मूठ आपल्याच वजनाने खाली आली. नव्या डब्यासाठी तयार केलेली पुंगळी घातली. अडली.

"रायफल चांगली हाय," तो म्हणाला. "पुंगळीचं माप चुकलंय."

चिमणीच्या काजळीवर त्याने पुंगळी फिरवून काळी केली आणि पुन्हा आत घालून बाहेर काढली. मानेखालच्या उतारावर, ज्याला आम्ही खांदा म्हणतो, तिथली काजळी गोल पुसली गेली होती. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. एकदा उडालेली पुंगळी फुगते. डाय नावाच्या पोलादी साच्यातून दाबून तिला मापात आणावं लागतं. तो साचा प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, पुरेसा खाली फिरवला नाही, तर खांदा मागे सरकत नाही आणि काडतूस केसभर लांब राहतं.

साचा वरच राहिला होता. दादाने तो नीट बसवला, वरची रिंग आवळली. "ढिली झाली हुती," म्हणाला. मी निर्धास्त होऊन परतले.

पुढच्या डब्यातली काडतुसंही अडली.

या वेळी अडल्याचं न सांगता मी सुप्याला गेले. "मला शिकायचंय," असं सांगून त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. त्याने साचा हातात घेतला आणि प्रेसमध्ये फिरवत खाली टेकवला. आणखी थोडा फिरवला. अगदी बरोबर. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. चहा पिऊन झाल्यावर त्याने साच्याला हात लावला आणि तो उलटा फिरवायला लागला. वर, आणखी वर. मग थांबला. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"कोणत्या अंगाला आवळतं गं ह्ये?"

मला आधी वाटलं तो माझी परीक्षा घेतोय. तोंडाकडे पाहिलं तर तसं नव्हतं.

"उजवीकडे, दादा."

"व्हय. तेच करत व्हतो मी."

मी त्याच्यामागे फळीवर ठेवलेल्या दारूच्या डब्याकडे पाहिलं. खांदा चुकला तर मूठ अडते, निदान कळतं तरी. एकाच पुंगळीत दारू दोनदा पडली तर तोंडाशी नळी फुटेपर्यंत बाहेरून काय कळणार? उरलेली काडतुसं त्याच दिवशी एकेक करून मोकळी केली आणि दारू तोलली. वजनं बरोबर निघाली. त्याने मला धीर आला नाही.

वहिनींना मागच्या ओट्यावर गाठून विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबवला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "हिरीवरची मोटार चालू करून ईसरत्यात. परवा पारनेरहून येताना रस्ता चुकले. मी कुनाला सांगू? ऐकून घेनार हायेत का ते?"

नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. दादाला राग आला. "मला काय शाळेत घालताय का?" डॉक्टर भले होते. गोळ्या दिल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "या आजाराचा वेग थोडा कमी करता येईल. थांबवता येणार नाही." मी मान हलवली. कुठल्याही बिघाडाचं कारण एकेक बाजूला सारत शोधायचं, हे मला दादानेच शिकवलं होतं. इथे कारण हातात होतं आणि त्यापुढे काही नव्हतं.

परवाना परत करायचं मीच बोलले. आश्चर्य म्हणजे तो लगेच तयार झाला. अर्जावर स्वच्छ सही केली. दारू आणि ती पेटवणाऱ्या काडतुसाच्या टोप्या नगरच्या परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायला निघालो, तर स्वच्छ सदरा घालून गाडीत पुढे बसला. वाटेत सुप्याच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं बघत होता, मजेत होता. दुकानदाराशी जुन्या बंदुकांवर तासभर बोलला. एकही शब्द चुकला नाही. मला क्षणभर वाटलं, आपण घाई तर नाही केली?

परतताना गाडी नगरबाहेर पडली आणि त्याने मागच्या सीटकडे वळून पाहिलं.

"दारूचा डबा कुठंय?"

"दिला ना, दादा. दुकानात."

"कुनाला इचारून दिलास?"

"तुला विचारून."

"मला न्हाई इचारलंस तू."

अर्जाची प्रत माझ्या पर्समध्ये होती, त्याच्या सहीची. मी ती काढली नाही. काढून काय सिद्ध करायचं होतं? "बरं," एवढंच म्हणाले. तो खिडकीबाहेर तोंड करून बसला. त्याच्या मांडीवरची बोटं हळूहळू हलत होती, काहीतरी फिरवल्यासारखी, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.