हिरव्याला हिरवा चिमटा

वहिनींना स्वतःच्या लेकीच्या तोंडून एकही रंग ऐकायला मिळाला नाही.

आज वर्ष झालं. सकाळी वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे जेवून गेले. मी आपली परंड्याच्या घरात ओट्यावर बसून हे टाईप करतेय.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. माहेर तेरचं. लग्नाआधी तिथं बालवाडीवर शिकवायच्या, त्यामुळं लहान पोरांच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

माझंही नाही. आणि मी काही ऐकून घेणारी नणंद नव्हे, हे माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या सगळ्यांना माहीत आहे.

त्यांची लेक स्वरा अडीच वर्षांची झाली तरी तिला लाल-पिवळं कळत नव्हतं. आई रोज घोर लावून घ्यायची.

"शेजारची पोरगी धडाधडा सांगती. आपलीला काहीच कसं कळंना?"

वहिनी आईला म्हणायच्या, "कळंल आत्या. तिला वाटंल तवा कळंल."

मी कळंबहून रंगांचा मोठा चार्ट आणला, भिंतीवर चिकटवला. संध्याकाळी बघते तर चार्ट गुंडाळून कपाटावर.

"तिची परीक्षा नको घेऊ गं शीतल. विचारलं की पोरगी रंगाकडं बघतच न्हाय. आपल्या तोंडाकडं बघती, आपल्याला काय पाहिजे ते शोधत."

त्यांची पद्धत वेगळीच. कपडे वाळत घालायला स्वराला सोबत घ्यायच्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात प्लास्टिकचे चिमटे. पोरगी एकेक चिमटा देणार, या दोरीवर लावणार.

"लाल टॉवेल. लाल टॉवेलला लाल चिमटा."

एवढंच, तेही स्वतःशीच बोलल्यासारखं. हा कोणता, तो कोणता, काही विचारायचं नाही.

स्वरा प्रत्येक वेळी निळा द्यायची. लाल टॉवेलला निळा, दादाच्या पांढऱ्या शर्टाला निळा.

वहिनी तोच लावायच्या आणि म्हणायच्या, "लागला."

चूक नाही, बरोबर नाही. नुसतं लागला. पोरगी खूश.

मग वहिनींचं दुखणं निघालं. नाव लिहीत नाही, तुम्हाला समजलं असेल. बार्शीच्या खेपा सुरू झाल्या. केस गेले, वजन गेलं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि वहिनींना ते न सांगताच कळलं.

दंड वर उचलेना, तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. दोरीवर कपडे मी घालायचे. चिमटे स्वरा द्यायची. निळेच.

"पिवळा फ्रॉक. पिवळ्या फ्रॉकला पिवळा चिमटा." वहिनींचा आवाज असा की कान देऊन ऐकावं लागायचं.

एकदा माझा संयम सुटला. मला ते सगळं बघवत नव्हतं.

"वहिनी, एकदा तरी वदवून घेऊ की तिच्याकडून. तुम्हाला ऐकायला मिळंल. तेवढा वेळ आहे का तुमच्याकडं?"

बोलून गेले. स्वरा खाली डब्यात हात घालून बसलेली.

वहिनी चिडल्या नाहीत. "माझ्याकडं न्हाय गं. पण तिच्याकडं लई वेळ आहे. माझी घाई तिच्या अंगावर कशाला टाकू?"

 त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत वहिनी.

वहिनींना अंगणात ठेवलं होतं, दोरीच्या खालीच. नवरा मागं ठेवून गेलेली बाई, म्हणून सगळं हिरवं. तेरहून भाऊ साडी घेऊन आला, हिरवीगार. हिरव्या बांगड्या, ओटी, कपाळभर कुंकू.

बायका म्हणत होत्या, "अहेव गेली, नशीबवान."

नशीबवान म्हणे. मला एकेकीला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं.

स्वराला शेजारच्या शबानाभाभींनी सकाळपासून त्यांच्या घरी ठेवलं होतं. शेवटचं दाखवायला कडेवर घेऊन आल्या. ती खाली उतरली. स्वतःच्या आईकडं गेलीच नाही. सरळ ओट्यावर गेली, चिमट्यांचा डबा घेतला आणि त्यात शोधत बसली.

कुणी तिला काही विचारलं नाही. कुणी काही सांगितलं नाही.

डब्यातून एक चिमटा घेऊन आली. वहिनींच्या पदराला लावायला लागली. तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता, दोनदा निसटला. मग बसला.

"हिरवी साडी. हिरव्याला हिरवा."

स्पष्ट बोलली. सगळ्या अंगणानं ऐकलं.

आणि मग ती वहिनींच्या तोंडाकडं बघत थांबली.

"लागला" ऐकायला.

  एक म्हातारी म्हणाली, "काढा गं ते प्लास्टिक, तसं जाळत न्हाईत."

 दादा म्हणाला, "कुणी हात लावायचा न्हाय."

चिमटा वहिनींबरोबर गेला.

आता स्वराला सगळे रंग येतात. जांभळासुद्धा. लोक म्हणतात, तुझ्या वहिनीचंच बरोबर होतं बघ. व्हय, होतं. तरी मी अजून चिडलेली आहे तुमच्यावर, वहिनी. तुम्हाला एक तरी ऐकायला मिळायला हवा होता.

आज दुपारी तिनं माझ्या ओढणीला चिमटा दिला, बरोबर रंगाचा. आणि माझ्याकडं न बघता स्वतःच म्हणाली, "लागला."

आता ती कुणाच्याच तोंडाकडं बघत नाही.

या, वहिनी. तुमच्या लेकीचा तुम्हाला नमस्कार. आणि माझाही.