पडवीतलं अंथरूण

माझे थोरले दीर चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीतून कायमचे चिखलीला परतले, तेव्हा माझी मुलगी सहा महिन्यांची होती. त्यांची बायको कधीच वारलेली, पोरबाळ नाही. धाकट्या भावाशिवाय त्यांना कुणी नव्हतं. चार पावलं चालले की भिंतीला हात टेकून उभे राहायचे. खोकल्यातून काळं पडायचं. गाव म्हणालं, क्षय आहे. गावाआधी ते मी म्हटलं होतं.

मी त्यांचं अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत घातलं. ताटली वेगळी काढली, भाकरी वरून टाकू लागले. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला. संध्याकाळी येऊन तो पडवीबाहेर उभा राहायचा, तोंडावर उपरणं धरून विचारायचा, "दादा, बरं हाय ना?" याच भावानं त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

पुण्याहून छातीचा फोटो काढून आणला. तो डॉक्टरला दाखवायला नवऱ्याला रजा मिळेना. मी चौथी शिकलेली, म्हणून दादांबरोबर बैलगाडीनं देहूरोडला मीच गेले. दादांना तपासून बाहेर बाकावर बसवल्यावर डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला.

"बाई, हा क्षय नव्हे. कोळशाची भुकटी छातीत बसलीय, ती आता निघायची नाही. पण हे दुसऱ्या कुणाला लागत नाही. त्यांना घरात, माणसांत ठेवा."

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

"छाती पार खराब झालीया म्हणला. जपा म्हणला."

पुढचं मी गिळलं. डॉक्टर चुकला असला तर, ही पोरीसाठीची भीती थोडीफार खरी होती. पण खरं कारण वेगळं. आळीतल्या बायकांना मी महिनाभर सांगत होते, बघा, मी कशी काळजी घेते. आता कुठल्या तोंडानं दादांना पडवीतून आत आणायचं?

मुलगी रांगायला लागली. एका दुपारी मी निवडत बसले होते, तोवर ती पडवीत पोचली आणि दादांच्या धोतराला धरून उभी राहिली. त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले, तिला लागू नयेत म्हणून.

"घिऊन जा बाई हिला."

मला राहवलं नाही. खाली बघत म्हणाले, "दादा, डाक्टर म्हणला व्हता, ह्ये कुणाला लागत न्हाई."

"म्हाईत हाय. खाणीवर आमी धा-धा जण एका खोलीत निजायचो. न्हाई लागत."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

ते बराच वेळ दम घेत राहिले. "तुला पोरीचं भ्या वाटत व्हतं. आन मी आयता खाणारा माणूस. कुठं वाद घालायचा?"

त्या दिवसापासून नवरा कामावर गेला की मी मुलीला त्यांच्याजवळ सोडायची आणि तो यायच्या आत उचलून आणायची. तेवढंच केलं. अंथरूण हललं नाही. थंडीत दादा गेले. नवऱ्यानं त्यांना शिवायच्या आधी हाताला फडकं गुंडाळलं. मी दारात उभी होते, तेव्हाही बोलले नाही.

नवरा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. भावाला क्षय होता असंच तो लोकांना सांगायचा, आणि मी शेजारी बसून मान हलवायची.