कोपऱ्यावर कोपरा

लातूरहून दत्तूच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी नांदेडला ओट्यावर पेपर चाळत बसलो होतो. "वामनकाका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं! जन्माचा दोस्त गेल्यावर कुणी 'बरं' म्हणतं का? आता महिना उलटून गेला, तरी मी रोज त्याच्यावर चिडतो. मेला, माझ्या आधी गेला.

निजामाच्या शेवटच्या दिवसांत आम्ही नांदेडच्या हायस्कुलात एका बाकावर होतो. घरी मराठी बोलायची आणि शाळेत सगळं उर्दूत घोकायचं. कळायचं काय? कप्पाळ! भूमितीचे सिद्धांत आम्ही पाढ्यांसारखे म्हणायचो, आकृतीच्या कोपऱ्यांवरच्या अलिफ-बे-जीम अक्षरांसकट. दत्तू देवणीकडचा. बाप जनावरं पाळणारा, कडक माणूस. "मॅट्रिक झालास तर नोकरी, न्हाई तर दावनीला ये," असं बजावूनच त्यानं पोराला शहरात ठेवलं होतं. दत्तूला गोठा नको होता आणि शाळेतही जीव रमत नव्हता. दिवसभर खिडकीबाहेर बघत बसायचा. "वामन्या, हितं बी दावनच हाय की रं," म्हणायचा.

गणिताचे मास्तर हैदराबादकडचे, भले गृहस्थ. एक दिवस त्यांच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी फळ्यावर त्रिकोण उलटा काढला, टोक खाली. दोन बाजू सारख्या असल्या तर त्यांच्या समोरचे कोनही सारखे का, ते सांगायचं होतं. आधी मला उठवलं. मी आपला फळ्याकडे बघतोय... अलिफ तर नेहमी वर असतो, हा खाली कसा आला? पाठ केलेलं तोंडातच राहिलं. मग एकेक जण उठला आणि तसाच खांबासारखा उभा राहिला. एका उलट्या त्रिकोणात अख्खा वर्ग अडकला हो! तेवढ्यात दत्तू पुढं आला. वहीचं पान फाडून त्यानं तसाच त्रिकोण केला, मधोमध घडी घातली आणि सरळ मराठीत बोलला, "ह्यो कोपरा ह्या कोपऱ्यावर बसला का न्हाई? मंग सारखेच की!" वर्गात मराठी बोलल्यावर आता छडी बसणार, असं वाटलं. मास्तरांनी हळूच दार लोटून घेतलं. म्हणाले, "फिरसे बोलो, मियाँ."

त्यानंतर काही आठवडे आमचा वर्ग जागा होता. गोदावरीच्या वाळूत आम्ही त्रिकोण काढत बसायचो, कागद दिसला की घड्या घालायचो. मी गणितातला दगड, पण मीसुद्धा "असं का?" विचारायला लागलो. दत्तूला तर जेवणाची शुद्ध नसायची. खिडकी तो विसरूनच गेला होता.

मॅट्रिकची परीक्षा जवळ आली, तसं मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो. "मियाँ, समझे सो अच्छा किए. मगर परचे में किताब होना, समझ नक्को." पेपरात पुस्तकातलंच लिही, हे सांगताना त्यांचीच मान खाली होती. दत्तू कसला ऐकतोय! मोडक्यातोडक्या उर्दूत स्वतःच्या मनानं पेपर लिहून आला आणि गणितात उडाला. बाप न्यायला आला. दत्तूनं त्याचे पाय धरले, एक वर्ष मागून घेतलं. त्या वर्षी त्यानं अख्खं पुस्तक घोकलं. पुस्तकात अलिफ वर, तर अलिफ वर. पास झाला. पेढा हातावर ठेवत म्हणाला, "सुटलो रं वामन्या." चेहरा मात्र सुटलेल्या माणसाचा नव्हता.

सुटला कुठला! कचेरीत चिकटला आणि जन्मभर कागदांच्या नकला करत बसला. निजाम गेला, शाळा मराठीत आल्या, मास्तर मिळत नव्हते. मी मास्तर झालो आणि तूही हो म्हणून त्याच्या हात धुऊन मागे लागलो. एकदा बसस्टँडवर म्हणाला, "पोरानं 'का' इचारलं तर सांगीन रं, आवडीनं सांगीन. पन परीक्षा आली की मला बी तेच म्हनावं लागंल... किताब लिही. ते माझ्यानं व्हायचं न्हाई." मी त्याला भित्रा म्हणालो. तो नुसता हसला आणि हातातल्या तिकिटाची तिकोनी घडी घालत राहिला. ही खोड त्याची शेवटपर्यंत गेली नाही.

दत्तूच्या तेराव्याला गेलो तेव्हा त्याची नात मीरा भेटली. नववीत आहे. पहाटे शिकवणी, मग शाळा, पुन्हा शिकवणी. लातुरात पोरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ती मला आबांच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, "आबांनी मला कागदाची घडी घालून दाखवली. तेव्हा पहिल्यांदा मला भूमिती आवडली. मग म्हणाले, परीक्षेत मात्र सरांनी दिलंय तेच लिही, बाळ... आणि रडायलाच लागले. का रडले हो?" मी तिला सगळं सांगितलं. उलटा त्रिकोण, मास्तर, ते नापास होणं, सगळं.

ती म्हणाली, "मग मी काय लिहू, वामनआजोबा?"

दत्तूच्या उशाशी तिकोनी घड्यांचा ढीग तसाच पडला होता. एक घडी मी उलगडली, पुन्हा घातली. कोपऱ्यावर कोपरा बरोबर बसला. जन्मभर पोरांना 'पुस्तकातलंच लिहा' सांगत मास्तरकी केलेला मी... आणि पोर उत्तराची वाट बघत उभी होती.