अडकलेलं चित्र

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये नेटवर्कचं काम बघत होते. बघत होते म्हणजे एकटीच होते. आधी ते काम म्हणजे बिलिंगचा प्रिंटर चालू करून देणं आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये वायफाय का येत नाही ते शोधणं. वळसंगला घरी आई होती, तिला दमा. म्हणून मार्च संपता संपता मी घरी जाणं बंद केलं आणि नर्सिंग हॉस्टेलच्या एका खोलीत राहायला आले.

एप्रिलमध्ये हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर नातेवाइकांची गर्दी इतकी वाढली की अँब्युलन्स आत घ्यायला माणसं बाजूला सारावी लागत. त्यांचं मागणं एकच. आमचं माणूस कसं आहे, एकदा बघू द्या. आत सोडता येत नव्हतं. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे अधीक्षक, यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "वॉर्डात कॅमेरे आहेतच. ते चित्र बाहेर दाखवता येईल का?"

रस्त्यापलीकडे एक मंगल कार्यालय होतं. लग्नं बंद, म्हणून ट्रस्टने ते घेतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत, जिथं एरवी वरपक्ष-वधूपक्ष उतरायचा, तिथं ऑक्सिजनचे पलंग टाकले होते. खालचा हॉल रिकामा होता. तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी, स्टेजवर, आम्ही सहा टीव्ही लावले. मागच्या भिंतीवर थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं होती. ती काढायला कुणाला सवड झाली नाही.

हॉस्पिटल आणि कार्यालय यांच्यामध्ये वायर नव्हती. रस्ता खोदायची परवानगी मिळायला महिने गेले असते. म्हणून दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर अँटेना लावून हवेतून जोडणी केली होती. त्या एकाच जोडणीवरून सगळं जायचं: वरच्या मजल्यावरच्या पेशंटांच्या ऑक्सिजनचे आकडे, डॉक्टरांचे फोन, एक्स-रे, आणि आता ही चित्रं. चित्रांसाठी मी मल्टिकास्ट वापरलं. कॅमेऱ्यातून चित्र एकदाच निघतं आणि जिथं जिथं ते बघायचं असेल तिथं शेवटच्या टप्प्यावर राउटर त्याच्या प्रती काढून देतो. दहा टीव्ही असले तरी वाटेत ओझं एकाचंच. तरीही कॅमेरे सहा होते आणि ती वाट अरुंद होती.

पहिल्याच दिवशी दुपारी गोंधळ झाला. कार्यालयातल्या डॉक्टरांना एक्स-रे उघडेना, आणि वरच्या एका पेशंटचा ऑक्सिजन उतरल्याचा इशारा हॉस्पिटलमधल्या सिस्टरांच्या टेबलावर दोन मिनिटं उशिरा आला. त्या पेशंटला काही झालं नाही. पण मोठे डॉक्टर स्वतः माझ्या कामाच्या खोलीत आले. पीपीई किट घालूनच आले होते, चष्म्यावर वाफ होती.

"आधी कुणाला सोडायचं ते तुला ठरवता येतं ना?" त्यांनी विचारलं.

येत होतं. राउटरमध्ये चार रांगा करायच्या. वाट मोकळी असेल तर सगळेच जातात. गर्दी झाली की पहिल्या रांगेतले आधी सोडायचे, शेवटच्या रांगेतल्यांना थांबवायचं, आणि ती रांगही भरली तर मागून येणारं टाकून द्यायचं. मी कागदावर लिहिलं. पहिलं ऑक्सिजनचे इशारे, दुसरे फोन, तिसरे एक्स-रे आणि रिपोर्ट, चौथी नातेवाइकांची चित्रं. चित्रांना वाटेचा एक तृतीयांश हिस्सा, त्याच्या वर काहीही झालं तरी नाही.

"आणि तो हिस्सा भरला तर?"

"चित्र अडकेल सर."

"अडकू दे. माणूस अडकायला नको," असं म्हणून ते गेले. मला त्यात चुकीचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हॉलमध्ये माणसं येऊ लागली. ज्याचं माणूस ज्या टीव्हीत, तो त्या टीव्हीपुढे प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचा. तिथंच मला ते मामा भेटले. साठी ओलांडलेले, शहराच्या पूर्व भागातले, घरची भाषा तेलुगू, सगळं आयुष्य टॉवेल विणायच्या यंत्रमागावर गेलेलं. दोन्ही मुलगे आणि सुना पॉझिटिव्ह होऊन घरात बंद. याच एका माणसाला काही झालं नव्हतं, म्हणून बायकोसोबत हे एकटेच आले होते. बायको आयसीयूत, बारा नंबरच्या पलंगावर.

"ओ मॅडम," त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती यासाठी, "तुमचा कॅमेरा जरा इकडं वळंल का? माझी अर्धीच दिसालीय."

खरंच होतं. चार पलंगांवर मिळून एक कॅमेरा, आणि बारा नंबर कडेला. मास्क लावलेला अर्धा चेहरा आणि एक हात दिसायचा. मी आयसीयूतल्या सिस्टरांना फोन केला. त्या वैरागच्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी स्टुलावर चढून कॅमेरा हातभर फिरवला. टीव्हीवर सगळं चित्र गरकन हललं आणि ती बाई मधे आली. मामा उठून उभे राहिले. नंतर रोज मी हॉलमध्ये गेले की ते खुर्चीवरून अर्धवट उठायचे, मला कसंतरी व्हायचं. ते टीव्हीशी बोलायचे. बरेच जण बोलायचे. नळाला पाणी किती वाजता आलं, धाकट्या नातीने आज काय खाल्लं.

दहा-बारा दिवसांनी आयसीयूचे पलंग वाढवले. सकाळी ठेकेदाराच्या माणसांनी चार नवे कॅमेरे आणि हॉलमध्ये त्यांचे टीव्ही लावले आणि चालूही केले. मला ते झाल्यावर कळलं. सहाचे दहा झाले, हिस्सा तेवढाच. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की ही वाट हे पेलणार नाही. तिथले म्हणाले, नवीन पेशंटचे नातेवाईक फाटकावर ओरडताहेत, चार दिवस भागवा.

हिस्सा वाढवला तर एक्स-रे मागे पडणार होते. तो मार्ग मी सोडून दिला. दुसरा मार्ग होता प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र थोडं हलक्या प्रतीचं करायचा, म्हणजे दहा जण त्याच जागेत मावतील. एकेका कॅमेऱ्यात शिरून ते करावं लागे. मी तीन केले. मग लॅबचा रिपोर्टचा संगणक बंद पडला, तिकडे धावले. तिथून आले तेव्हा दीड वाजला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी मेसमध्ये जाऊन जेवले आणि हॉस्टेलच्या खोलीत दहा मिनिटं आडवी झाले. ती दहा मिनिटं पाऊण तासाची झाली.

हॉलमध्ये पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. बाहेर सोलापूरचं एप्रिलचं ऊन, आत पंख्यांचा आवाज. बहुतेक जण खुर्च्यांवर पेंगत होते. दोन टीव्हींवर चित्र फुटत होतं, चौकोन चौकोन होत होते, आणि त्यांच्यापुढची माणसं कुरकुरत होती. मामांच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ होतं. मला आधी बरं वाटलं. मग चित्राच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. त्यात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी उभी राहून बघत राहिले. ते पुढे सरकत नव्हतं.

मामा बोलत होते. "आज पाणी आलं. दोन्ही बॅरल भरले. थोरल्याचा ताप उतरला, भात खाल्ला त्यानं." मग मला बघून म्हणाले, "मॅडम, आज लई शांत झोपलीय की. रोज हात झटकत असती."

मी दाराबाहेर येऊन सिस्टरांना फोन लावला. मला फक्त विचारायचं होतं की बारा नंबर ठीक आहेत ना, मग मी चित्र नीट करून टाकते.

"बारा नंबर गेल्या ओ मॅडम," त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "सव्वादोनला अचानक सगळं खाली आलं. डॉक्टरांनी अर्धा तास छाती दाबली. आता सोडलं. हितं अजून एक तसंच चाललंय. डॉक्टर येतील खाली सांगायला, तुमी काय सांगू नका."

"चित्र अडकलंय सिस्टर. त्यांना काही दिसलेलं नाही."

"बरंच झालं की मग," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माझ्या हातात लॅपटॉप होता. नवे चार कॅमेरे बंद करायला एक मिनिट पुरलं असतं. वाट मोकळी झाली असती आणि टीव्हीवर खरं चित्र आलं असतं: उघडी छाती, काढलेल्या नळ्या, तोंडावर ओढलेली चादर. मी ते केलं नाही. टीव्ही बंदही केला नाही, कारण बंद केला तर ते विचारतील, आणि विचारलं तर मी काय सांगणार होते? मी आत येऊन मागे, भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात मामांनी एकदा मागे वळून विचारलं, "मॅडम, बरं चाललंय ना?"

"हो मामा," मी म्हणाले.

डॉक्टर आले, त्यांनी खांद्याला हात लावून मामांना बाहेर व्हरांड्यात नेलं. मी त्यांच्या मागे गेले नाही. नवे कॅमेरे बंद केले. टीव्हीवर चित्र हललं. बारा नंबरचा पलंग रिकामा होता, आणि एक मावशी रेक्झिनची गादी पुसत होती.

संध्याकाळपर्यंत मी उरलेले सगळे कॅमेरे हलके केले. शिवाय एक बदल केला. कुठलंही चित्र तीन सेकंद अडकलं तर टीव्ही काळा व्हावा आणि मोठ्या अक्षरात 'चित्र बंद आहे' असं यावं. मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझी चूक नाही." ते फार दमलेले होते आणि दारात कुणीतरी उभं होतं. दुसऱ्या दिवसापासून टीव्ही अधूनमधून काळे व्हायला लागले, आणि प्रत्येक वेळी हॉलमध्ये आरडाओरडा व्हायचा. एक बाई माझ्या अंगावर धावून आली. "काळं कशाला दाखवता? थांबलेलं बरं होतं, निदान दिसत तरी होता!" तिचा नवरा होता आत. मी तो बदल तरीही काढला नाही.

दिवाळीच्या आसपास मामा हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीपुढे दिसले. मृत्यूच्या दाखल्यात बायकोचं नाव चुकलं होतं, तिसरी खेप होती त्यांची. मी वळून दुसऱ्या जिन्याने गेले असते. पण त्यांनी मला मास्कमध्येही ओळखलं आणि खुर्चीवरून अर्धवट उठले.

मी त्यांच्या शेजारी बसले. थोडा वेळ नातीबद्दल बोललो. मग मीच म्हणाले, "मामा, त्या दिवशी तुमच्या टीव्हीवरचं चित्र अडकलं होतं. मला माहीत होतं."

ते जमिनीकडे बघत होते. "छाती हालत नव्हती तिची," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मागापुढं उभा राहिलोय मी. चालू काय, बंद काय, मला कळतंय. मला वाटालतं काहीतरी बिघडलंय म्हणून. पण तुमी मागं उभ्या होता. तुमाला विचारलं, तुमी हो म्हणाला. मग म्हटलं, माझंच डोळं गेलं असतील."

मला वाटलं होतं की मी सांगितलं तर ते चिडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हींची मी तयारी केली होती. याची नव्हती.

"किती वेळ बसलो मी तसा?"

"तासभर," मी म्हणाले. राउटरच्या नोंदींत बघितलेलं मला मिनिटासकट पाठ होतं.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मी बोलत होतो ते तिला जात होतं का? त्या दिवशीचं नाही. त्याच्या आधीचं."

आवाजाची सोयच आम्ही केली नव्हती. ते चित्र एकाच दिशेने यायचं. हॉलमधल्या दहा-बारा दिवसांतला एकही शब्द रस्ता ओलांडून गेला नव्हता.

"जात होतं मामा," मी म्हणाले.

खिडकीतून त्यांना हाक आली. ते उठले. नवीन दाखला हातात घेऊन त्यांनी तो माझ्यापुढे धरला; त्यांना मराठी वाचायला नीट येत नव्हतं. मी नाव मोठ्याने वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. "बरोबर हाय," ते म्हणाले, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि फाटकाकडे चालू लागले. मी त्यांना रिक्षा बघून देते म्हणाले, तर हातानेच नको म्हणाले.

दुपारी सीटी स्कॅनचं नवं मशीन यायचं होतं. त्याची जोडणी करायला मी खाली गेले.