साखर स्टॉकमध्ये नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर मुळीच नाही. सांगितल्यानं हलकं वाटेल असंही नाही. थकले आहे, एवढंच.

मी अमरावतीत राजापेठला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. महिन्यातून एकदा कॉलनीतल्या बायका आमच्याकडे जमतात, आणि फोनवरून किराणा मागवताना काय घ्यावं, काय सोडावं हे मी त्यांना सांगते. पामतेलातली बिस्किटं काढा, त्या जागी फुटाणे टाका. जहाजानं आलेलं सफरचंद कशाला, आपल्याकडचे पेरू आहेत. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गाडी दारात बोलावू नका, आठवड्याचं सामान एकदाच मागवा — एक फेरी, एक पिशवी, तेवढाच धूर कमी. यातलं काहीच खोटं नाही. काही घरांत खरंच फरक पडला. मला हे सांगायला आवडतं. कदाचित जरा जास्तच आवडतं — लोक आपलं ऐकतात, याची सवय लागते हो.

बाबा अकोल्याला राहायचे. आई गेल्यावर एकटेच, दुसऱ्या मजल्यावर. एसटीत ड्रायव्हर होते, नोकरीची बहुतेक वर्षं डोंगरातल्या धारणीच्या गाडीवर गेली. गुडघे त्या घाटातच गेले असं म्हणायचे. शुगर होती, डोळे अधू झाले होते, फोनवरची बारीक अक्षरं दिसत नसत. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जात. सामान मी इथून मागवायची. बुधवारी ते फोनवर यादी सांगत, गुरुवारी गाडी त्यांच्या दारात.

सुरुवातीला मी समजावून सांगत असे. शेव नको बाबा, लाह्या पाठवते. खारी मैद्याची असते. ते वाद घालत, मी चिडत असे, फोन आपटला जाई. मग एकदा तोंडातून निघून गेलं — "बाबा, शेव स्टॉकमध्येच नाही." आणि ते म्हणाले, "बरं."

इतकं सोपं होतं ते. वाद नाही, चिडचीड नाही. तुम्ही मागवत असाल तर तुम्हाला माहीत असेल, आपण काही टोपलीत टाकलं की ॲप कधीकधी दुसरं काही दाखवतं, याऐवजी हे घ्याल का म्हणून. खाली हो आणि नाही अशी दोन बटणं असतात. यंत्र आहे, पण विचारतं. मी बाबांना विचारणं सोडून दिलं.

शेव गेली, खारी गेली, मग साखर गेली. घराखालच्या किराणावाल्याला तर मी मुद्दाम जाऊन सांगून आले होते की, यांना शुगर आहे, गोड-तळलेलं मागितलं तरी देऊ नका. भला माणूस, त्यानं ऐकलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. मी तो जमलेल्या बायकांना दाखवला. माझे वडील बघा, म्हटलं, या वयात बदलले.

बदलले होते का ते?

मग तो बुधवार. यादी संपल्यावर बाबा म्हणाले, "अन् बाई, या खेपेले साखर पाठवजो. खारीचा पुडाबी. गफूर येऊन राह्यला सोमवारी."

गफूरचाचा त्यांच्या गाडीवरचे कंडक्टर. मूळचे धारणीचे, निवृत्त होऊन तिथेच परतलेले. गाडी धारणीला मुक्कामी असली की बाबांचं जेवण त्यांच्याच घरी असे, किती वर्षं. लहानपणी मी ही नावं, ते रस्सा-भाकरीचं वर्णन इतकं ऐकलं होतं की मला पाठ होतं. तरी त्या दिवशी मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, म्हातारा बहाणा करतोय. पाहुण्याचं नाव सांगून साखर मागतोय.

"साखर स्टॉकमध्ये नाही बाबा."

"साखर? अजूनबी साखर कशी काय नसन?"

"नाही म्हणतंय ॲप."

"मंग गूळ पाठव. गुळाचा करीन चहा."

"गूळही नाही."

मग म्हणाले, "त्याच्या घरचं लय खाल्लं मी, बाई. तो पह्यल्यांदा येऊन राह्यला माह्या घरी." मी म्हटलं, "पेरू पाठवते ना. फुटाणे पाठवते." ते म्हणाले, "बरं."

गुरुवारी पेरू पोचले. फुटाणे पोचले.

सोमवारी सकाळी बाबा जिना उतरले. चार महिन्यांत ते एकटे खाली गेले नव्हते. शेजारी काही मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खालच्या दुकानात मागितलं असेल, त्यानं नाही म्हटलं असेल — मी विचारायला गेले नाही. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेले, एवढं मात्र नक्की. परत येताना दुचाकीचा धक्का लागला. गफूरचाचा स्टँडवरून पायी येत होते. गर्दी दिसली म्हणून थांबले, आणि पाहतात तर बाबा. त्यांनीच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, त्यांनीच मला फोन केला.

मी पोचले तेव्हा ते बाकड्यावर बसले होते. पांढरी दाढी, मांडीवर पिशवी, शेजारी बाबांची कापडी पिशवी. तिच्यात फुटलेला साखरेचा पुडा आणि खारीचा चुरा. मला बघून उठले. "बेटी, माह्यासाठीच निघाले ना वो. मी आलोच नसतो त—" मग स्वतःच्या पिशवीतून एक पुडकं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. शेतातली कुटकी होती, वरईसारखं बारीक भरडधान्य. "शुगरवाल्याले चांगली असते म्हणतात. भाताच्या जागी करून देजो. खाल्ली त खाल्ली."

दुपारनंतर नागपूरहून माझा भाऊ, दादा, आला. खुब्याचं हाड मोडल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. दादाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं मला सरळ विचारलं, "साखर-खारी पाहिजे हे बाबांनी तुला सांगितलं नव्हतं का? तूच मागवतेस ना सगळं?"

गफूरचाचा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

मी म्हटलं, "नाही. काहीच बोलले नाहीत."

झालं. हे ते वाक्य. खोटं म्हणून पाहिलं तर केवढंसं. दादा वळला आणि चाचांना म्हणाला, "तुम्ही तरी कळवायचं नाही का आधी? एकटा म्हातारा माणूस." चाचांनी मान खाली घातली. त्यांनी कळवलं होतं. बाबांना कळवलं होतं, बाबांनी मला. हे त्या दालनात मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी भिंतीवरची डॉक्टरांच्या नावांची पाटी वाचत उभी राहिले.

पण खरं सांगायचं ते याच्याही पुढचं आहे. चाचा संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. जाताना हात जोडून मला म्हणाले, "माफ करजो, बेटी." आणि मी — तुम्ही मला विचारा, तुझी जीभ कशी वळली म्हणून — मी म्हटलं, "असू द्या चाचा. तुम्हाला कुठं माहीत होतं."

मी त्यांना माफ केलं. माझ्या चुकीसाठी मी त्या माणसाला माफ केलं, आणि त्यांनी ती माफी घेतली.

बाबा वाचले. आता माझ्याकडे असतात, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात. ताटात पडेल ते खातात. काही मागत नाहीत. त्यांना कळलं असेल का? पलीकडच्या दुकानात साखरेची पोती त्यांनी पाहिलीच असतील. साऱ्या अकोल्यात साखर आणि लेकीच्या फोनमध्येच तेवढी नाही, हे न समजण्याइतके ते भोळे कधीच नव्हते. पण दादा विचारत होता तेव्हा ते गुंगीत होते, आणि नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. शुगर आटोक्यात आहे. बायका जमल्या की मी त्यांचं उदाहरण अजून देते, त्यातलं जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढं. एकीनं मागे विचारलं, सासरे ऐकतच नाहीत, काय करू? मी म्हटलं, धीर धरा, समजावत राहा. चांगला सल्ला आहे. मी तो पाळला नव्हता.

गफूरचाचा पुन्हा आले नाहीत. ईदला आणि दिवाळीला त्यांचा फोन येई. बाबांशी दोन शब्द बोलत, मग बाबांनी फोन मला देण्याआधीच ठेवून देत. धारणी काही परदेशात नाही. गाडीत बसले असते तर दुपारपर्यंत त्यांच्या दारात असते. दर सुट्टीत ठरवलं. दर सुट्टीत घरात काहीतरी निघालं. तुम्हाला पटतं का हे? मलाही नाही पटत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. चाचा गेले. झोपेतच गेले, म्हणाला, त्रास झाला नाही. बाबांची तब्येत विचारली, मग म्हणाला, "अब्बा हमेशा तुमच्या बाबाचं नाव काढायचे. त्या दिवसापासून कोणाच्या घरी जायचं असलं ना दीदी, त पहले फोन करून सांगायचे — माझ्यासाठी काही आणू नका, मी चहा घेत नाही." आणि म्हणाला, "चहाचे लय शौकीन होते वो."

मी "हो" म्हटलं. आणखी काही म्हटलं नाही. तेव्हासुद्धा नाही.

मग बाबांच्या खोलीत गेले आणि गफूरचाचा गेल्याचं सांगितलं. ते बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठले.