सोपानची माय

लेकरू कुणाचंही असो, जवळ आलं की ती त्याचं डोकं दोन्ही हातांत धरायची आणि टाळू हुंगायची. ते जेवलंय की उपाशी, उन्हात हिंडलंय की मार खाऊन आलंय, हे ती तिथल्या तिथं सांगायची. ते खरं निघायचं की नाही ते सोडा. पण उपाशी ठरलेल्या लेकराला शेळीच्या दुधात कुस्करलेली भाकरी मिळायची. त्यामुळं आमच्या आळीतली सगळी पोरं तिच्यासमोर डोकं वाकवून उभी राहत. मीही राहायचे, घरून पोटभर जेवून जाऊन.

"ह्या पोरीचं पोट रिकामं हाय," असं ती भिंतीवरून माझ्या आईला ओरडून सांगायची, आणि आई कपाळाला हात लावायची.

चकलांब्याजवळचं आमचं गाव. राज्य निजामाचं. माझे वडील गावचे सुतार होते, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. मेंढरं-शेळ्या राखणारं घर. शिवाय ओढ्याकडं थोडं शेत आणि त्यात एक विहीर. तिला सगळे सोपानची माय म्हणत. बाईला लेकाच्या नावानं हाक मारायची, ही आमच्याकडची रीतच. तिचं स्वतःचं नाव मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

सोपान तिच्या पोटचा नव्हता. हे आळीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा उच्चार कधी होत नसे. तिचा पहिला नवरा तरणाच गेला, तेव्हा तिच्या कडेवर गोदा होती. गोदा माझ्याच बरोबरीची. इकडं ह्या घरातली धनीण गाठीच्या तापानं, म्हणजे प्लेगानं, गेली होती आणि मागं अगदी तान्हं पोर राहिलं होतं. तोच सोपान. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. त्याला वाजंत्री नसे, मांडव नसे, मोजकी माणसं जमून उरकून टाकत. तसा हा पाट लागला. माझे वडील शेजारी म्हणून हजर होते. बसायचे लाकडी पाटही त्यांनीच करून दिले होते, आणि ही कोटी ते पुढं बरीच वर्षं करत असत.

माझी आई सांगायची, घरात पाऊल ठेवल्याबरोबर तिनं ते तान्हं उचललं, टाळू हुंगली आणि पदराखाली घेतलं. गोदा तेव्हा अंगावर पीत होती. दोघांना पुरेना, म्हणून तिनं गोदाला तोडलं. गोदाला शेळीचं दूध आणि सोपानला तिचं. सोपान बाळसेदार झाला. गोदा लग्न होईपर्यंत काडीसारखी राहिली.

एकदा करासाठी मेंढरं मोजायला तहसिलीतून गिरदावर आला. नवीन पोरगा, डोक्यावर उंच लाल टोपी, हातात छडी. मेंढरं एका जागी उभी राहीनात, हा उन्हात त्यांच्यामागं पळतोय, आणि शेवटी घेरी येऊन मेंढवाड्याच्या कुंपणाशीच पडला. बरोबरचे शिपाई गडबडले. साहेबाला हात कसा लावायचा? ती पुढं झाली, टोपी काढून बाजूला ठेवली, डोकं मांडीवर घेतलं, पाणी मारलं आणि सवयीप्रमाणं टाळू हुंगली.

"सकाळधरनं काय खाल्लं न्हाई ह्यानं," ती शिपायांना म्हणाली. "मेंढरं कशाला मोजायला लावताव त्याला?"

गिरदावर जागा झाला तो भाकरीच्या वासानं. जाताना तिला अम्मा म्हणाला. त्या वर्षी मेंढरांचा आकडा जरा कमीच लागला, असं तिचा नवरा हसत सांगायचा.

सोपानचं लग्न थाटात झालं. सासरा शेजारच्या गावचा, त्यांच्यातलाच, पण मेंढ्या सोडून जमिनीला लागलेला आणि आमच्या पाटलाशी ऊठबस असलेला माणूस. सोपानला मुलं झाली आणि ती आजी झाली. आजी झाल्यावर तर तिच्या मायेला ऊत आला. नातवंडं तिच्या घोंगडीत एकावर एक पडून निजायची. सून कुरकुरायची की पोरांच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. त्यावर ती म्हणायची, "मंग? त्यांच्या बापाच्या आंगाला काय आत्तराचा येत होता?" थोरला नातू किसन तर तिच्या हातचाच घास खायचा. ती शेतावर गेली की तो भाकरी घेऊन पाठोपाठ जायचा आणि बांधावर बसून तिच्या हातून खायचा.

मग मानमोडीची साथ आली. त्या साथीत तिचा नवरा गेला, आणि तिकडं गोदाचाही. गोदाला सासरी कुणी राहिलं नाही. दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली. मायनं सोपानला सांगितलं, विहिरीकडचा तुकडा गोदा कसंल, तिची लेकरं हाताशी येईस्तोवर. सोपान हो म्हणाला. मी तिथंच होते, जोंधळे निवडू लागत होते. तो सहज हो म्हणाला, आणि अक्काच्या पोरांना आपल्या पोरांसारखंच बघीन, असंही म्हणाला. त्या वेळी ते त्याच्या मनात होतं असं मला आजही वाटतं.

सासऱ्याचं येणं-जाणं वाढलं आणि सोपानचं मन फिरलं. एक दिवस गोदा नांगर घेऊन गेली तर तुकड्याला काट्यांचं कुंपण. सोपान घरात मायशी बोलेना. सून वेगळी चूल मांडा म्हणाली. माय दोन महिने गप्प बसली, आज ना उद्या पोरगा वळंल म्हणून. शेवटी आळीतल्या चार माणसांनी तिला गेवराईच्या अदालतीत जायला सांगितलं. नवऱ्यामागं बायकोला पोटापुरतं द्यावंच लागतं, फक्त पाटाला साक्षीदार हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. ती तयार नव्हती. लेकाला कचेरीत उभा करायचा, हे तिला नको होतं.

तिला तयार केलं माझ्या वडिलांनी. पाटाला हजर असलेली बाकीची माणसं गाठीच्या तापात नाहीतर मानमोडीत गेली होती. एकटे तेच उरले होते. आमच्या ओसरीवर बसून ते तिला म्हणाले, "वैनी, तुमी घोर लावून घेऊ नका. मी होतो पाटाला. मी सांगन." त्यांच्या तोंडाकडं बघून ती बरं म्हणाली.

माझं सासर गावातच. गोदाला सोबत म्हणून मीही गेवराईला निघाले. आमच्या गाडीत वडिलांसाठी पुढची जागा ठेवली होती. वाट बघितली. ते आले नाहीत. आई दारात आली आणि ते मघाशीच गेले असं खाली बघून म्हणाली. गेवराईत कचेरीसमोर आम्ही उतरलो, तर वडील पाटलाच्या गाडीतून उतरत होते. बरोबर सोपानचा सासरा होता. मायनं त्यांना बघितलं. ती तशीच कचेरीच्या पायऱ्या चढू लागली. मला मात्र वाटलं, ह्यात काहीतरी समजुतीचा घोटाळा असंल, आत गेल्यावर ते बरोबर सांगतील. बाप म्हटल्यावर माणूस असंच धरून चालतो.

अदालतीचं काम उर्दूत. मुन्सिफसाहेब विचारत आणि बाजूचा कारकून मराठीत सांगत असे. आम्ही बाया व्हरांड्यात, उघड्या दाराशी बसलो होतो. आधी मायचं नाव पुकारलं. तेव्हा मी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

मग सोपान उभा राहिला. कारकुनानं विचारलं, "ही बाई तुझी कोण लागते?"

सोपाननं एकदा सासऱ्याकडं बघितलं. "कोणी न्हाई," तो म्हणाला. "बापानं मेंढरं राखायला ठिवलेली बाई हाय."

गोदानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. माय उभीच होती. मुन्सिफसाहेबांनी तिला काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्याला इचारा, त्यो कुणाचं दूध प्याला."

सोपानचा वकील हसून म्हणाला, दूध काय, दाईसुद्धा पाजते.

शेवटी माझे वडील. कारकुनानं विचारलं, ह्या बाईचा पाट लागला तेव्हा तुम्ही हजर होता का? वडील हातातलं पागोटं फिरवत होते. आमच्याकडं त्यांची पाठ होती. ते म्हणाले, लई दिवस झाले, याद न्हाई. कारकुनानं पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, असा काही पाट झाल्याचं मला ठावं न्हाई.

पुढं कळलं, पाटलानं त्यांना बोलावून घेतलं होतं. गावच्या सुतारकीवर दुसऱ्या घराचाही हक्क सांगता येतो, एवढंच तो बोलला होता. आमच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. मी हे वडिलांची बाजू म्हणून सांगते आहे, पण बाजू सांगून झाली तरी माझ्या कानातला त्यांचा आवाज जात नाही.

दावा गेला. माय आणि गोदा घरातून निघाल्या. चार शेळ्या तेवढ्या बरोबर आणल्या. त्या सोपाननं नेऊ दिल्या. ओढ्याच्या पलीकडं, गायरानाच्या कडेला त्यांनी खोप घातली. माय गावातल्या लोकांच्या शेळ्या राखू लागली. आळीतल्या बायांची मात्र पंचाईत झाली. तिला आता हाक काय मारायची? सोपानची माय म्हणावं तर तिचं तोंड उतरायचं, आणि दुसरं नाव जिभेवर नव्हतं. बऱ्याचजणी नुसतं "अहो" म्हणू लागल्या.

वडिलांनी एक दार केलं. बाभळीचं, चांगलं जाड, कडी-कोयंड्यासकट. असं दार त्यांनी पाटलाच्या घरालासुद्धा केलं नव्हतं. गाडीत घालून ते खोपीवर घेऊन गेले, मीही बरोबर होते. तिनं ते बघितलं, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, ह्याला चौकट कुठून आणू? माझी खोप कुडाची." चौकटही करून देतो म्हणाले. ती नको म्हणाली. दार तिथंच बाभळीला टेकून राहिलं. खोपीच्या तोंडाला शेवटपर्यंत घोंगडी टांगलेली असायची.

आई म्हटली की ती पोटात घालणारच, असं आपण सगळेच समजतो. आळीतल्या म्हाताऱ्या तिला जाऊन सांगायच्या, पोरगाच आहे, चुकला, विसर आता. एकदा मीही बोलून गेले. ती शेंगा फोडत होती.

"परका आसता तर विसरले आसते," ती म्हणाली. "लेक हाय म्हणून विसरंना."

ती चिडली नव्हती. शेंगा फोडत राहिली. पण सोपान वाटेत दिसला तर ती शेळ्या वळवून दुसरीकडून जायची. किसनचं वेगळं होतं. बापानं बंदी घातली, दोनदा मारलंही, तरी तो खोपीवर यायचा. मिसरूड फुटल्यावरही येऊन तिच्यापुढं डोकं वाकवायचा, आणि ती त्याला उपाशी ठरवायची.

अशी ती पुष्कळ वर्षं जगली. गोदाची लेकरं तिनं कर्ती केली, त्यांची लग्नं लावली, त्यांची बाळंतपणं बघितली. डोळे गेले तेव्हाही पतवंडांना हातानं चाचपून टाळू हुंगायची. एका उन्हाळ्यात दोन दिवस अन्न सोडलं आणि सकाळच्या पारी गेली.

सगळा गाव ओढा ओलांडून आला. तिरडी बांधली. आणि तेवढ्यात सोपान आला. आंघोळ केलेला, ओल्या धोतरात, डोक्याचे केस उतरवलेले. तोही आता म्हाताराच दिसत होता. कुणी काही विचारायच्या आत तो पुढं झाला आणि विस्तवाच्या मडक्याला त्यानं हात घातला.

गोदा आडवी आली. आयुष्यात तिचा आवाज कधी चढल्याचं मला आठवत नाही; तेव्हाही चढला नाही.

"सोपान, ती तुजी कोण लागत होती?"

तो खाली बघत म्हणाला, "अक्का, आज नगं."

"आजच सांग. आदालतीत सांगितलंस ते खोटं होतं म्हणून ह्या माणसांत सांग, मंग धर मडकं."

सासरा केव्हाच मेला होता, पण सोपानचे मेव्हणे मागं उभे होते. सोपाननं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. अगदी त्या दिवशीसारखंच बघितलं. मग तिरडीकडं बघितलं. त्यानं मडकं खाली ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला.

किसननं ते उचललं.

तिरडी खांद्यावर घेणार, तोच माझे वडील गर्दीतून पुढं आले. काठी टेकत आलेले, ऐंशीच्या घरातले. "मी होतो," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्यासमोर लागला पाट. ही ह्याच्या बापाची लगनाची बायकू होती."

गोदानं त्यांच्याकडं बघितलं.

"काका," ती म्हणाली, "आता कशापायी सांगताव?"

माणसं निघाली. किसन पुढं, मागं तिरडी, मागं सगळा गाव. सोपान जरा अंतर ठेवून शेवटी चालला होता, कुणी ये म्हणालं नाही आणि कुणी जा म्हणालं नाही. वडील खोपीपुढं तसेच उभे राहिले. ऊन वाढलं तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं.