माझी खुर्ची अर्धाच फूट सरकली

सन २०२०. नोव्हेंबरातला शेवटचा सोमवार. चहाची वर्गणी महिन्याला माणशी शंभर रुपये. हजर: मुख्याध्यापक धरून आम्ही नऊ शिक्षक, आणि चहा करणाऱ्या मावशी. जागा: अंबड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची शिक्षकांची खोली. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हे एकाच गावात घडतं असं वाटेल.

आठ महिन्यांनी शाळा उघडत होती. नववी-दहावीची पोरं यायच्या आधी आम्ही आलो. प्रत्येकाच्या खिशात तपासणीचा रिपोर्ट, तोंडाला मास्क. दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवा, असा आदेश होता. मी गणिताचा शिक्षक, म्हणून टेप माझ्या हातात दिली.

खोली अठरा बाय चौदा. मधे लांब टेबल, त्याला सात खुर्च्या. उरलेल्या दोन खिडकीशी. त्यातली एक माझी, दुसरी नवीन मॅडमची. मी मोजायला लागलो. टेबलाच्या सातही खुर्च्या हलवाव्या लागल्या. चार तर व्हरांड्यात काढल्या. मॅडमची खुर्ची माझ्यापासून दूर दाराकडे न्यावी लागली. शेवटी माझी मोजली. टेबलापासून साडेपाच फूट.

"सरांची खुर्ची बघा," मुख्याध्यापक म्हणाले. "आधीपासून बराबर. अर्धा फूट सरकवा, झालं काम."

चित्रकलेचे सर व्हरांड्यातून ओरडले, "सरकारनं आधी आपल्या सरांनाच विचारायला पायजे होतं. सर वीस वर्षांपासून डिस्टन्सिंग पाळून राह्यले!"

"आन कपाचंही तसंच," मुख्याध्यापकांनी पुढं जोडलं. "उद्यापासून ज्यानं त्यानं आपापला स्टीलचा कप आणायचा. नाव घालून. सरांसारखा."

मास्कमध्ये हसू दिसत नाही, खांदे दिसतात. सात जणांचे खांदे हलले. मीही हसलो. माझे धरून आठ.

मॅडमचे हलले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

त्या कपाचं सांगायला पाहिजे. २००१ च्या जूनमध्ये मी या शाळेत रुजू झालो. आम्ही बौद्ध. घरात नोकरी लागलेला मी पहिला. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ होता. "आपल्या इथली माणसं जुन्या वळणाची आहेत. तुम्ही आपला कप आणत चला. तुमचाच मान राहील." मी मान हलवली. शनिवारी अंबडच्या भांड्याच्या दुकानातून स्टीलचा कप घेतला. नाव घालून घेतलं. सोमवारपासून तो खिडकीत ठेवला आणि खुर्चीही खिडकीशी ओढली. खुर्ची ओढायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं ते सर निवृत्त झाले. शिपाई बदलले, मुख्याध्यापक बदलले. कप राहिला. कुणी नवीन माणसानं विचारलं, तर मी म्हणायचो, "मला आपली स्वच्छतेची आवड." हे इतक्या वेळा म्हणालो की सगळ्यांना खरं वाटायला लागलं. वर्गणी मी बरोबरीनं भरायचो. त्या वर्गणीतून मावशींना चहा करायचे आणि कप धुवायचे महिन्याला तीनशे मिळायचे. माझा कप मीच टाकीच्या नळावर धुवायचो. हिशोबाला पक्का माणूस मी. हा हिशोब मात्र कधी मांडला नाही.

हे माझ्यापुरतं राहिलं असतं, तर कदाचित लिहायला बसलो नसतो.

२०१९ च्या जुलैत मॅडम आली. शिक्षणसेविका. तीन वर्षं मानधनावर काम, मग मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला असेल तर कायम. परतूरकडची मुलगी, वडील नाहीत, आई मोलमजुरी करणारी. खोलीत शिरली आणि सगळ्यांसमोर मला खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, सर!"

मी म्हणालो, "नमस्कार मॅडम."

दुपारी गाड्या लावतो तिथं तिला गाठलं. "हे बघ, तुझा अहवाल ह्यांच्या हातात आहे. तीन वर्षं गप काढ. उद्या येताना स्वतःचा कप घेऊन ये. स्टीलचा आण, नाव घालून."

"का बरं, सर?"

"बरं असतं."

माझा आवाज अगदी मऊ होता.

तिनं कप आणला. साठ रुपयांचा. नाव दुकानदारानं फुकट घालून दिलं. माझ्या कपाशेजारी खिडकीत ठेवला आणि खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली. त्या दिवसापासून तिचा "जय भीम" बंद झाला. "गुड मॉर्निंग, सर" म्हणायला लागली. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

तर साथीत सगळ्यांचे कप आले. खिडकीत ओळीनं नऊ कप. सगळ्यांवर नावं. सगळे जण आपापला कप नळावर धुवायला लागले, माझ्यामागं रांगेत उभे राहून. मावशी केटली घेऊन यायच्या आणि नऊही कपांत वरूनच चहा ओतायच्या. कुणीच कुणाला शिवत नव्हतं. माझं जे वीस वर्षांपासून चाललं होतं, ते आता सगळ्यांचं झालं.

मला सुख वाटत होतं. बाहेर माणसं मरत होती. गावातली घरं पत्रे लावून बंद केलेली. आम्हीच दारोदार ऑक्सिजन मोजत फिरत होतो. आणि मला रोज दुपारी चहाच्या वेळी मनातून सुख वाटत होतं. ही साथ लवकर जाऊ नये, असं एकदा मनात आलं. एकदाच. पण आलं.

दुसऱ्या लाटेत चित्रकलेचे सर गेले. जालन्याला दवाखान्यात होते, आठ दिवस. माणूस वाईट नव्हता. माझी गाडी बंद पडली की मला मागं बसवून घरी सोडायचा. माझी मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा घरी आल्ते. पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "उपास आहे हो आज, घरी नेतो." कसला उपास ते मी विचारलं नाही. नंतर कॅलेंडर बघितलं. बुधवार होता, काहीच नव्हतं. ते गेले त्या आठवड्यात खिडकीत त्यांचा कप बघून मला वाटलं, आता झालं बरोबर. मग लगेच लाज वाटली. पण आधी ते वाटलं, लाज मागाहून.

२०२२ च्या एप्रिलात निर्बंध उठले. मास्क गेले. खुर्च्या परत टेबलाला लागल्या. एका शनिवारी ज्यानं त्यानं आपापला कप पिशवीत टाकून घरी नेला. सोमवारी मावशींनी कपाटातला जुना ट्रे काढला, पांढरे कप धुऊन मांडले.

आम्ही आता आठ होतो. ट्रेमध्ये कप सहा.

खिडकीत तीन राहिले होते. माझा, मॅडमचा आणि वारलेल्या सरांचा. मुख्याध्यापकांचं लक्ष गेलं. त्यांनी सरांचा कप स्वतः उचलला, रुमालानं पुसला. "हा वहिनींना नेऊन देऊ. नाव आहे त्याच्यावर." दोन मिनिटं कुणी चहाला हात लावला नाही.

मेलेल्या माणसाचा कप घरी गेला. आम्ही दोघं खिडकीत राहिलो.

मावशी केटली घेऊन आल्या. माझ्या कपात वरून चहा ओतला. मी प्यालो. त्या दिवशीही प्यालो. मॅडमनं कपावर हात ठेवला. "मला नको, मावशी."

सुटल्यावर गाडी काढताना मी तिला विचारलं, "चहा सोडला काय?"

"सोडला."

"असं करू नको. दोन-तीन महिने राह्यले. अहवाल जाऊ दे एकदाचा."

ती हेल्मेट हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, मला एक सांगा. कप आण म्हणून मला ह्या शाळेत कुणी म्हणलं?"

मी गाडीची किल्ली लावायला लागलो.

"हेडसर न्हाई म्हणले. मावशी न्हाई म्हणल्या. तुम्ही म्हणले. त्यांना म्हणायचंच असतं, तर माझ्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. मंग मी काय करायचं ते बघितलं असतं. तुम्ही त्यांना बोलूही दिलं न्हाई. त्यांचं काम तुम्हीच करून टाकलं."

हेल्मेट घातलं आणि गेली.

मी तिथंच उभा राहिलो. तिच्या बोलण्यात चूक शोधत होतो. मला पाढ्यातली, बेरजेतली चूक लगेच दिसते. ह्यात सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कप पिशवीत घालून घरी आणला. बायकोनं पिशवीतून काढून बघितला. "काय हो, रिटायर झाले काय?"

"न्हाई. झालो असतो तर सोपं होतं."

तिनं तो मांडणीवर ठेवायला हात वर केला. मी म्हणालो, "तिथं नको." कुठं ठेवायचा, हे मलाही कळत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतली खुर्ची उचलली आणि टेबलाला लावली. ट्रे आला. मी त्यातला पहिला कप उचलला आणि मावशींपुढं धरला. मावशी केटली तशीच धरून मुख्याध्यापकांकडं बघायला लागल्या.

"वता, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी ओतला. निम्मा बशीत सांडला.

सहा कपांतला एक मी घेतला होता. म्हणजे एक कमी पडणार होता. कमी पडला तो मुख्याध्यापकांना.

"मला नको आज," ते म्हणाले. "ॲसिडिटी झाली." मग थोड्या वेळानं, "सर, तुमचा कप फुटला काय?"

"स्टीलचा होता, साहेब. फुटत न्हाई. घरी नेला."

"मनात काही ठेवू नका हं. आपल्या इथं तसलं बिलकुल न्हाई. तुम्हालाच स्वच्छतेची आवड."

"आवड न्हाई. दोन हजार एकच्या जूनात ह्याच खोलीत मला कप आणायला सांगितलं. का सांगितलं, ते तुम्हालाही माहीत आहे. मी ऐकलं. आजपासून ऐकत न्हाई."

"मंग त्याच वेळी बोलायचं होतं. आमच्या डोक्यावर कशाला?"

हे त्यांचं बरोबर होतं. त्याच वेळी बोलायचं होतं.

मी मागं वळून म्हणालो, "मॅडम, या. बसा इकडं." ती उठली नाही. वही तपासत राहिली. तिचा अहवाल अजून जायचा होता. मी कायम झालेला माणूस, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला. मला आता धाडस परवडत होतं. तिला परवडत नव्हतं, हे मीच तिला शिकवलं होतं. आणि सगळ्यांसमोर तिला हाकही मारली ती माझ्या सोयीनं, मला एकटं वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी चहा बंद झाला. केटली कपाटात, कपाटाला कुलूप. "उन्हाळ्यात कशाला उगाच खर्चा," मुख्याध्यापक म्हणाले. मावशी मला नळावर भेटल्या. "सर, तुमच्या कपापायी माझे तीनशे गेले की हो." मी खिशात हात घातला. त्या म्हणाल्या, "राहू द्या. चहा न करता कशाचे घेऊ?"

मॅडमचा अहवाल गेला. जुलैत तीन वर्षं भरली. कायमचा आदेश जुलैत यायचा, तो नोव्हेंबरात आला. कारण कुठल्या कागदावर नाही, म्हणून मी कुणावर आरोप लिहीत नाही. चार महिने ती मानधनावर राहिली, एवढंच लिहितो.

म्हणजे नकार दिला मी. मावशींचे पैसे गेले, मॅडमचे चार महिने गेले. माझं काय गेलं? काही नाही. पगार वेळेवर झाला.

ह्याचा अर्थ नकार द्यायला नको होता, असा मी काढत नाही. नकार बरोबर होता. एकवीस वर्षं उशिरा होता. उशीर मी केला आणि त्याचं व्याज दुसऱ्यांकडून वसूल झालं.

म्हणून आता ठरवलं आहे ते लिहितो. खुर्ची मी टेबलाला लावली आहे. रोज सकाळी येतो तेव्हा ती परत खिडकीशी गेलेली असते. कोण नेतं, मी विचारत नाही. रोज ती ओढून आणतो, फरशीवर आवाज करत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. साडेपाच फूट. निवृत्तीच्या दिवशीही ओढीन. आणि या शाळेत कुणी नवीन आलं, कुठल्याही जातीचं, तर त्याला बाजूला घेऊन मऊ आवाजात काही सांगणार नाही. दुसऱ्या कुणी तसं घेतलेलं दिसलं, तर तिथं जाऊन उभा राहीन आणि म्हणेन, जे बोलायचं ते मोठ्यानं बोला. खूप झाली समजूतदारी. त्या समजूतदारीवर त्यांचं सगळं बिनबोभाट चाललं.

आदेश आला त्या दिवशी मॅडमला मी फाटकाजवळ थांबवलं. खिशातून साठ रुपये काढले. एक पन्नासची नोट, एक दहाची.

"हे कशाचे, सर?"

"कपाचे. मी आणायला लावला होता."

तिनं नोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पावती पायजे काय?"

"न्हाई."

"नावाचे धरू नका. ते फुकट घातल्तं."

साठ रुपये तिनं मोजून घेतले आणि पर्समध्ये टाकले. "राहू द्या, सर" म्हणाली असती, तर मी सुटलो असतो. ती म्हणाली नाही.